कोपऱ्यातलं नाव

गेल्या वर्षी श्रावणात माझा भाचा इंदापूरहून बारामतीला घरी आला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मामू, वेबसाइट नव्यानं करायचीय. त्यातला मराठी मजकूर तुम्ही लिहून द्या."

मी म्हणालो, "अरे, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. पोटासाठी छापखान्यात मुद्रितं तपासली. मला तुझ्या यंत्रांतलं काय कळतंय?"

तो म्हणाला, "म्हणूनच तुमच्याकडं आलो. तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल."

पुढचे दोन महिने मी दर रविवारी एस.टी.नं इंदापूरला जात होतो. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी करत गाडी पोहोचायची. या दोन महिन्यांत जे शिकलो ते आज सांगणार आहे. गावोगावी मुलं लहानमोठे उद्योग करताहेत आणि आपल्या व्यवसायाची वेबसाइट असावी असं प्रत्येकाला वाटतं. पण ती म्हणजे नेमकं काय, तिच्यात काय घालायचं आणि काय घालायचं नाही, हे सांगणारं घरात कुणी नसतं.

आधी भाच्याचा धंदा सांगतो, कारण तो पटकन लक्षात येत नाही. त्याच्याकडे लेथ नाही, भट्टी नाही. दोन खोल्या, चार संगणक आणि दोन ड्राफ्ट्समन मुलं. हे लोक यंत्र बनवत नाहीत, यंत्राचा नकाशा बनवतात. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला नवीन जिग-फिक्स्चर हवं असतं. साखर कारखान्यात एखादा जुना भाग मोडतो आणि त्याचं ड्रॉइंग सापडत नाही. गुऱ्हाळवाल्याचं गिअर झिजतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते. अशा वेळी ही मुलं तो मोडका तुकडा टेबलावर ठेवतात, मोजतात, आणि तो नवा असताना कसा असेल ते कागदावर मांडतात.

हे काम बघताना मला फार मजा आली. त्यांच्या टेबलावर एक झिजलेलं गिअर होतं. भाच्यानं मला दाते मोजायला लावले. अठरा निघाले. मग त्यानं व्हर्नियरनं बाहेरचा व्यास मोजला, तो १९८.६ मिलिमीटर भरला. म्हणाला, "मामू, साध्या सरळ दात्यांच्या गिअरचा एक हिशेब असतो. दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि त्या बेरजेनं बाहेरच्या व्यासाला भागायचं." अठरा अधिक दोन म्हणजे वीस. १९८.६ भागिले वीस म्हणजे ९.९३. या आकड्याला ते मॉड्यूल म्हणतात, आणि त्याचे ठरलेले प्रमाण आकडे असतात. ९.९३ असा प्रमाण आकडा नाही, त्याच्या जवळचा आहे दहा. म्हणजे हे गिअर मुळात दहाचं होतं आणि नवं असताना त्याचा व्यास २०० मिलिमीटर होता. मधला १.४ मिलिमीटर इतक्या वर्षांच्या घासण्यात गेला. अर्थात एवढ्यावर ते थांबत नाहीत. दात्याची जाडी, जोडीचं गिअर, दोन्हींच्या मध्यांतलं अंतर, धातूचा कठीणपणा असं सगळं तपासूनच नकाशा पुरा होतो.

मी मनात म्हटलं, हे तर आमच्या जुन्या पोथ्यांसारखंच झालं. कसर लागलेल्या पानावर उरलेल्या अक्षरांवरून गेलेलं अक्षर ओळखायचं.

आता त्याला नवी वेबसाइट का हवी होती ते सांगतो. जुनी होती. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलानं ती करून दिली होती. पैसे दिले, साइट सुरू झाली, सगळे विसरून गेले. पुढं तो मुलगा नोकरीसाठी दूर निघून गेला. आणि त्या साली, ऐन ऑफ सीझनच्या दिवसांत, एका कारखान्याचे अधिकारी भाच्याला भेटले आणि म्हणाले, "अहो, तुम्हाला दोनदा मेल केला. उत्तर नाही. आम्ही काम दुसऱ्याला दिलं." साखळी कन्व्हेयरचं मोठं काम होतं. दोन ड्राफ्ट्समनचा सहा महिन्यांचा पगार त्यातून निघाला असता. घरी येऊन त्यानं वेबसाइट उघडली, तर तिथं भलत्याच जाहिराती. त्या पत्त्यावरचे मेलही बंद. एका मुलाला दोन महिने अर्ध्या पगारावर ठेवावं लागलं. ही गोष्ट सांगताना भाचा माझ्याकडं बघत नव्हता.

झालं होतं काय? वेबसाइटला एक नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात. आपण त्याला दुकानाची पाटी समजतो. पण पाटी एकदा रंगवली की आपली. डोमेन तसं नाही, ते भाडेपट्ट्यासारखं असतं. एक वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरून ते घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा भरायचे. भरायची आठवण ज्याच्या नावानं नोंद असते त्याच्या मेलवर येते. इथं नोंद त्या मुलाच्या नावावर होती. आठवणी त्याच्या जुन्या मेलवर गेल्या असतील, त्यानं तो बघणंच सोडलं असेल. त्याला दोष देऊन उपयोग नाही, नोंद बघायचं काम मालकाचं होतं. 'डॉट कॉम'सारख्या नावांची मुदत टळली आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीनं ते नाव काढून टाकलं, तरी तीस दिवस ते जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं. तेही गेले की आणखी पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. मग जो आधी घेईल त्याचं. भाच्याच्या हे लक्षात येईपर्यंत सगळी मुदत उलटून गेली होती.

म्हणून नव्या वेळी पहिलं काम हेच केलं. 'डॉट इन'मध्ये नवं नाव घेतलं, ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलनं लिहिली. मेलही असा दिला, जो वेबसाइट बंद पडली तरी चालू राहील. घराचा सातबारा गवंड्याच्या नावावर ठेवायचा नाही, एवढंच हे शहाणपण.

दुसरी गोष्ट जागेची. नाव घेतलं म्हणजे वेबसाइट झाली असं नाही. तिचा मजकूर आणि चित्रं कुठल्यातरी सतत चालू असणाऱ्या संगणकावर ठेवावी लागतात. त्या जागेचं भाडं निराळं. नाव आणि जागा यांची गाठ घालून देणारी एक मोठी नोंदवही जगभर चालते. आपण नाव टाकलं की ती नोंदवही त्या जागेचा आकड्यांतला क्रमांक काढून देते. ही पद्धत १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकानं आखली. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेतून सुरू केली. आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा आमच्या छापखान्यात नुकतेच खिळे जाऊन संगणक आले होते.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि तिथं माझं काम सुरू झालं. छापखान्यात आम्ही फार सोसलं आहे. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की सगळी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. माझ्या एका कवितेची फ्लॉपी पुण्याला गेली आणि तिकडून फोन आला, "कविता पाठवलीत की हिशेब?" कारण तेव्हाचे फॉन्ट हे मुखवटे होते. आत अक्षर इंग्रजी 'ए' आणि वरून चेहरा 'अ'चा किंवा आणखी कशाचा. मुखवटा काढला की आतला इंग्रज बाहेर. युनिकोडनं हे दुखणं संपवलं. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. 'अ'चा २३०९, 'क'चा २३२५, आपल्या 'ळ'चा २३५५. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या प्रमाणाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. मराठीत वेबसाइट करायची तर मजकूर युनिकोडमध्येच हवा, नाहीतर शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही. शोधयंत्र मुखवटा वाचत नाही, क्रमांक वाचतं.

तरीही मुद्रितं तपासणाऱ्याला काम उरतंच. बारामतीत बहिणीचं घर कऱ्हा नदीच्या जवळ आहे, आणि ग्राहकानं मोडका भाग तिथं आणून दिला तरी चालेल असं भाच्याला लिहायचं होतं. पुण्याच्या वेबसाइटवाल्या मुलानं लिहिलं 'कर्हा नदी'. मी म्हटलं, ही कुठली नदी? कवी मोरोपंत ज्या गावात राहिले तिथं तरी आमच्या नदीचं नाव नीट लिहा! 'ऱ्ह'मधला तो झोपाळ्यासारखा अर्धा र आणि डोक्यावरचा रफार यांत मराठीत फरक आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला. संगणकावर हा र आणायचा तर खाली टिंब असलेला 'ऱ' निवडायचा, त्याला हलन्त द्यायचा आणि मग पुढचं अक्षर. त्या मुलाला हे माहीत नव्हतं. त्याचा गुन्हा नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरं म्हणजे पानाच्या आतल्या बाजूला 'हे मराठी आहे' अशी खूण करायला सांगितली. ही खूण असली आणि फॉन्ट चांगला असला की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. नावसुद्धा आता देवनागरीत घेता येतं. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' सुरू झालं आहे. आतून ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलतं, पण माणसाला देवनागरीच दिसतं. भाच्यानं तेही घेतलं आणि नव्या साइटला जोडलं.

मग आला मजकूर. त्यानं मला आधीच्या साइटचा कागद दिला. पहिलंच वाक्य, "आम्ही अभियांत्रिकी संरचना क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्था असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." बाजूला चित्र होतं, पांढरी टोपी घातलेली गोरी माणसं काचेच्या इमारतीत नकाशा बघताहेत. मी विचारलं, "हे कोण?" म्हणाला, "फुकट मिळालेला फोटो आहे." मी म्हटलं, "इंदापुरातला माणूस हे पाहील तर हसेल, आणि पुण्यातला पाहील तर विश्वास ठेवणार नाही."

इथं मला शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडायची तर 'आम्ही अग्रगण्य' म्हणून भागणार नव्हतं, समजावून सांगावं लागणार होतं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघू लागलं. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. एका यंत्र-कारखान्यानं आपल्या मालाची माहिती लोकांना त्यांच्या भाषेत द्यावी म्हणून काढलेलं ते पत्रक पुढं मराठीतलं एक मोठं मासिक झालं. मी भाच्याला म्हटलं, "तुझी वेबसाइट म्हणजे तुझी खबर. खबर खरी पाहिजे. खोटी असली की तिला अफवा म्हणतात."

मग आम्ही लिहायला बसलो. अग्रगण्य गेलं, ध्येय गेलं. त्याऐवजी लिहिलं की आम्ही काय करतो: झिजलेल्या भागावरून ड्रॉइंग, जिग-फिक्स्चर, कन्व्हेयर, पत्र्याचं आणि फॅब्रिकेशनचं काम. कुठल्या प्रकारच्या संगणकीय फायली घेतो आणि देतो. मापं घ्यायला कुठवर येतो. साधारण किती दिवस लागतात. आणि त्याच्याखाली, मी हट्टानं, एक छोटा परिच्छेद घातला, 'आम्ही काय करत नाही'. बॉयलरचं आणि दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांचं डिझाइन हे लोक करत नाहीत, कारण त्याला वेगळे कायदे आणि वेगळी परवानगी लागते. इमारतीचं करत नाहीत. भाचा म्हणाला, "मामू, आपल्याच दुकानावर 'हे मिळत नाही' अशी पाटी लावायची?" मी म्हटलं, "तुझ्या प्रत्येक नकाशात मापापुढं अधिक-उणे लिहितोस ना? किती इकडंतिकडं चालेल ते? मग स्वतःच्या मापापुढं लिहायला का लाजतोस?" तो हसला आणि परिच्छेद राहिला.

एक बारीकशी ओळ त्यानं स्वतः घातली, आणि मला ती फार आवडली. आपल्याकडं नकाशा 'फर्स्ट अँगल' पद्धतीनं काढतात, म्हणजे वस्तूचं वरून दिसणारं रूप समोरच्या रूपाच्या खाली काढतात. अमेरिकेत ते वर काढतात. कागदावर त्याची छोटी खूण असते. ती राहिली आणि वाचणाऱ्यानं उलटी पद्धत धरली, तर डावीकडचं भोक उजवीकडं पडतं आणि लोखंड वाया जातं. त्यानं लिहिलं, "आम्ही फर्स्ट अँगल पद्धत वापरतो. आपल्याला दुसरी हवी असल्यास आधी सांगावे." ज्या पानावर अशी ओळ असते तिथल्या माणसाचे हात कामात बुडालेले आहेत हे जाणकाराला कळतं.

फोटोंचा प्रश्न अवघड होता. सगळ्यात चांगलं काम दाखवावं असं कुणालाही वाटतं. पण ते काम ग्राहकाचं असतं. त्याचं ड्रॉइंग वेबसाइटवर टाकलं म्हणजे त्याचं घर उघडं टाकल्यासारखं. काही कंपन्या तर गुप्ततेच्या करारावर सही घेतात. मग दाखवायचं काय? भाच्यानं भंगारातून एक जुनं गिअर विकत आणलं आणि त्याच्यावर पुरं काम करून दाखवलं. मोडका तुकडा, मापं लिहिलेला हातकागद, संगणकावरचं रूप, शेवटचा नकाशा, असे चार फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी. दाते अधिक दोन हा हिशेबही घातला. वेबसाइटवाला म्हणाला, "सगळी विद्या सांगून टाकली तर तुमच्याकडं कोण येईल?" पण आचारी भाजी कशी करतो हे बघितल्यावरच माणूस त्याला लग्नाचं काम देतो. फोटो मात्र हलके करून घेतले. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा एकेक फोटो चार-पाच एम.बी.चा होतो. तो तसाच टाकला तर उसाच्या फडात उभ्या माणसाच्या मोबाइलवर, जिथं रेंज जेमतेम असते, पान उघडेपर्यंत तो कंटाळून निघून जातो.

राहता राहिलं शेवटचं पान, 'आमच्याविषयी'. भाच्यानं मसुदा केला होता, "अनुभवी तज्ज्ञांची आमची टीम." मी विचारलं, "नाव कुठाय?"

"कंपनीचं आहे की वर."

"तुझं?"

तो गप्प बसला. संगणकाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामू, नाव बघून कुणी पुढं वाचलंच नाही तर?"

मला कळलं. मी त्याला उपदेश केला नाही. आमच्या दोघांच्या ओळखीतले नव्वद टक्के लोक त्याला पोरासारखं वागवतात. त्याच्या टेबलावरचे दोन्ही ड्राफ्ट्समन मराठा आणि माळी घरांतले आहेत आणि ईदला त्यांचा डबा आमच्याकडूनच जातो. पण वेबसाइट ओळखीतल्यांसाठी नसते, ती अनोळखी माणसांसाठी असते. आणि अनोळखी माणसाच्या मनात काय येईल याची भीती खोटी आहे असं मी त्याला कसं सांगू? साहित्य संमेलनात "तुम्ही मराठीत लिहिता? वा!" हे कौतुक मी पस्तीस वर्षं ऐकतो आहे.

पुढच्या रविवारी जाताना मी घरातल्या पेटीतून एक गुंडाळी बरोबर घेतली. माझे अब्बा वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, आणि पुढं तिथं साखर कारखान्यांची यंत्रंच तयार होऊ लागली. आता तर तिथले भाग अवकाशात जातात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या बूस्टरचे काही भाग वालचंदनगरचे होते. अब्बांच्या वेळी संगणक नव्हता. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे आणि ट्रेसर तो पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे. मग त्याच्या अमोनियाच्या वासाच्या प्रती निघायच्या आणि शॉपमध्ये जायच्या. अब्बा घरी आले की त्यांच्या बोटांना काळी शाई असायची. ती गुंडाळी म्हणजे त्यांनी शिकाऊ असताना सरावासाठी गिरवलेली एक पुली होती.

मी ती टेबलावर पसरली. कागद पिवळा पडला होता, रेघा मात्र कालच्यासारख्या. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात चौकट होती. त्यात प्रमाण, तारीख, कुणी काढलं, कुणी गिरवलं, कुणी तपासलं. 'गिरवलं' या रकान्यात अब्बांचं नाव होतं, सुबक अक्षरांत. मी म्हणालो, "तुझे नाना सांगायचे, ज्याच्या कोपऱ्यात नाव नाही तो कागद शॉपमध्ये पाठवायचा नाही. माप चुकलं तर विचारायचं कुणाला?"

भाचा बराच वेळ त्या कोपऱ्याकडं बघत होता. मग त्यानं 'टीम' खोडलं. स्वतःचं पूर्ण नाव, शिक्षण आणि फोन लिहिला. त्याखाली दोन्ही ड्राफ्ट्समनची नावं, त्यांना विचारून. आणि सगळ्यात शेवटी, 'हे पान शेवटचं तपासलं त्याची तारीख'.

वेबसाइट सुरू केली ती खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यांत हत्यारांची पूजा असते. त्या मुलांनी संगणकांना आणि व्हर्नियरला झेंडूची फुलं वाहिली, बहिणीनं पेढे पाठवले. त्याआधी आठवडाभर आम्ही एकेक गोष्ट तपासली होती. पत्त्याच्या शेजारी कुलपाचं चिन्ह येतं का, म्हणजे पाठवलेला निरोप वाटेत कुणाला वाचता येणार नाही. चौकशीचा अर्ज भरला तर मेल खरंच येतो का. फोन नंबरवर बोट ठेवलं तर फोन लागतो का. सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवली का. तरीही त्या दिवशी गंमत झालीच. बहिणीच्या मोबाइलवर साइट उघडली आणि भाच्याच्या उघडेना. त्याचा चेहरा उतरला. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ती नावांची नोंदवही जगभर अनेक ठिकाणी उतरवून ठेवलेली असते. नवी नोंद सगळीकडं पोहोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. संध्याकाळी त्याच्याही मोबाइलवर आली.

पुढं काय झालं? फार मोठं काही झालं नाही. गाळप सुरू झालं आणि त्याबरोबर मोडतोडही. एका गुऱ्हाळवाल्यानं मोबाइलवरून मराठीत निरोप पाठवला, खाली झिजलेल्या गिअरचा फोटो आणि एक ओळ, "दाते २२ आहेत, मोजले." त्यानं ते चार फोटोंचं पान वाचलं होतं. एका कारखान्याच्या माणसानं फोन केला आणि म्हणाला, "तुम्ही काय करत नाही ते लिहिलंय, म्हणून फोन केला." अर्ध्या पगारावर ठेवलेला मुलगा पुन्हा पूर्ण पगारावर आला. नाव वाचून कुणी परत गेलं का? ते आम्हाला ठाऊक नाही. वेबसाइटवर किती जण आले याचा आकडा कळतो, का परत गेले ते कळत नाही. भाचा आता तो आकडा रोज बघत नाही.

तुमच्या घरात कुणी लहान उद्योग करत असेल आणि वेबसाइट करायला निघाला असेल, तर रंग कुठला आणि चित्र कुठलं हे नंतर विचारा. आधी एवढं विचारा, की डोमेन कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, आणि कोपऱ्यात तुझं नाव लिहिलंस का?